निग्रोध मृगाचं कार्टून

कशेळ्याजवळच्या एका वाडीतल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. मध्यंतरी वर्गात विचारलं, "भीम म्हणजे कोण?" पुढे बसलेल्या पहिलीतल्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "लाडू खाल्ला की त्याला ताकद येते, तो." सगळे हसले. तिच्या आईने तिला दटावलं. पण त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. 'छोटा भीम' २००८ पासून टीव्हीवर आहे, तो तिला रोज भेटतो. आपला भीम तिला भेटतो तो भिंतीवरच्या तसबिरीत, निळ्या कोटात, न हलणारा.

त्या दिवसापासून कार्टून हा विषय डोक्यात घोळतो आहे. आपल्या चळवळीने गाणं केलं, जलसे केले, पथनाट्य केलं. कविता आणि आत्मकथन यांबद्दल तर बोलायलाच नको. पण हलतं चित्र आपण दुसऱ्यांवर सोडून दिलं. याचा इतिहास वाचताना मात्र एक गोष्ट सापडली, जी माहीत नसणं मला स्वतःला लाजिरवाणं वाटलं. भारत सरकारने अ‍ॅनिमेशनचं काम शिस्तीने सुरू केलं तेव्हा त्याची पहिली कथा जातकातली होती.

त्याआधी हे तंत्र मुळात काय आहे ते पाहू. चित्रपटात काहीही हलत नसतं. एका सेकंदात २४ स्थिर चित्रं डोळ्यांपुढून जातात आणि मेंदू त्यांची सलग हालचाल करून घेतो. माणसांचा चित्रपट असेल तर ती २४ चित्रं कॅमेरा भराभर टिपतो. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र वेगळं बनवावं लागतं: कागदावर काढून, बाहुली जराशी सरकवून, किंवा आता संगणकावर. बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मिनिटाला ७२०. एवढंच गणित आहे, बाकी सगळी चिकाटी.

महाराष्ट्रात ही चिकाटी कुठून आली ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या कर्जत लोकलच्या मार्गावरच कल्याण आहे. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रं, मागून दिव्याचा उजेड, समोर पडदा. एकामागून एक पट्टी झटपट बदलली की चित्र हलल्याचा भास व्हायचा. सिनेमा अजून जन्माला यायचा होता. ल्युमिए बंधूंचे खेळ मुंबईत झाले ते १८९६ मध्ये.

दादासाहेब फाळके सर्वांना माहीत आहेत, पण बहुतेकांना 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) एवढंच ठाऊक असतं. त्याच्याही आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, वाटाण्याच्या रोपाची. कुंडीसमोर कॅमेरा ठेवायचा, थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम टिपायची, असं कित्येक दिवस. पडद्यावर मात्र रोप मिनिटभरात उगवून वर येतं. त्यांना भांडवल हवं होतं आणि ही फिल्म दाखवून त्यांनी ते मिळवलं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, ज्यात काड्याच हलतात. काड्या सरकवा, चित्र टिपा, पुन्हा सरकवा. भारतातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात इथे मानतात. सामान किती लागलं? एक कॅमेरा आणि काड्यापेटी. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फाळके, प्रभात, मुंबईतले स्टुडिओ हा सगळा इतिहास मोठा आहेच. पण त्यात कथा कुणाच्या आल्या, तेही पाहिलं पाहिजे. पहिल्या काही वर्षांत बहुतेक पुराणकथा. बुद्ध पडद्यावर दिसला, १९२५ मध्ये हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या 'प्रेम संन्यास' या मूकपटात. 'लाइट ऑफ एशिया' या नावाने तो परदेशातही दाखवला गेला. पण तोही एडविन आर्नॉल्ड या इंग्रज कवीच्या चष्म्यातून.

आता १९५६ कडे येऊ. हे वर्ष आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून फिल्म विभाग काढला. शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतातला, मिशनरी कुटुंबातला. त्यांच्या हाताखाली जी तरुण मुलं शिकली, त्यांत राम मोहन होते, पुढे ज्यांना भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हटलं गेलं. आणि या विभागाची पहिली फिल्म होती १९५७ ची 'द बन्यन डिअर', म्हणजेच निग्रोधमिग जातक. इकडे नागपूरला लाखो लोक धम्मात येत होते, आणि त्याच काळात मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत काही तरुण बोधिसत्त्वाचं हरीण रेखाटायला शिकत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. त्या वेळी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षं सरकार साजरी करत होतं, हेही खरं. पण तो धागा आपण उचलला नाही, हे मात्र मनाला लागतं.

ती जातककथा मुळातून सांगते, कारण ती कार्यकर्त्यांनी वाचावी अशी आहे. बनारसच्या राजाला रोज हरणाचं मांस लागायचं. लोकांनी रानातले दोन कळप हाकून राजाच्या बागेत कोंडले. एका कळपाचा राजा निग्रोध, दुसऱ्याचा शाख. दोघंही सोन्याच्या रंगाची हरणं, म्हणून राजाने त्या दोघांना अभय दिलं. बाकीच्यांची शिकार सुरू झाली. बाण लागून एक मरायचं, पळापळीत दहा जखमी व्हायची. तेव्हा हरणांनीच ठरवलं की पाळी लावू. एक दिवस एका कळपातलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळपातलं, एक हरीण आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवेल. नियम दोघांना सारखा. ऐकायला न्यायाचाच.

मग शाखाच्या कळपातल्या एका गाभण हरणीची पाळी आली. ती म्हणाली, पाडस होऊ द्या, मग आम्ही दोघं आपापल्या पाळीने जाऊ. आत्ता गेले तर एका पाळीत दोन जीव जातील. शाख म्हणाला, तुझी पाळी मी दुसऱ्यावर कशी घालू? ती निग्रोधाकडे गेली. निग्रोधाने दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. अभय असूनही स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवली. आचारी घाबरला, राजा धावत आला. राजाने निग्रोधाला आणि हरणीला सोडलं. आपण असतो तर आभार मानून घरी आलो असतो. निग्रोध विचारतो, बागेतल्या बाकीच्या हरणांचं काय? ती सुटल्यावर विचारतो, बागेबाहेरच्या हरणांचं काय? मग इतर चार पायांच्या प्राण्यांचं? पक्ष्यांचं? पाण्यातल्या माशांचं?

एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, जातक म्हणजे पुनर्जन्म, बाबासाहेबांनी ते मानलं नाही, मग मुलांना का सांगता? प्रश्न रास्त आहे. पण "मागच्या जन्मी मी तो मृग होतो" हे शेवटचं वाक्य काढून टाका. कथेचा एक केसही वाकडा होत नाही. नियम समान असून अन्याय कसा होतो, हे मी समाजशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं शिकले. ही कथा ते पाच मिनिटांत दाखवते.

आणि दाखवणं हे बौद्ध परंपरेला नवीन नाही. भारहूतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास, रुरू मृगाची कथा एका गोल शिल्पात कोरली आहे. खाली बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेतलेलं हरीण, वर बाण ताणलेला राजा, आणि मध्ये त्याच हरणापुढे हात जोडून उभा तोच राजा. एकाच चौकटीत तीन प्रसंग. यावरून 'सिनेमा आपणच शोधला' असली पोस्ट कुणी कृपया फिरवू नये. कोरलेलं हरीण हलत नाही. पण निरक्षर माणसाला धम्म चित्रातून कळावा, हा विचार त्यामागे होता. आमच्या बाजूच्या आंबिवलीच्या लेण्यात अशी शिल्पं नाहीत, तो साधा विहार आहे, मधे दालन आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. कोंडाण्याच्या लेण्यात मात्र चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एक लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असं त्यात कोरलंय. चित्रपटाच्या शेवटी नावं येतात ना, तसंच. राजाचं नाव राहिलं नाही, करणाऱ्याचं राहिलं.

करणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून असतं. ६ डिसेंबर १९५६ नंतर मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचं जे चित्रीकरण आज आपण दरवर्षी पाहतो, ते नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केलं. त्यांनी कॅमेरा उचलला नसता तर तो जनसागर आपण फक्त ऐकून असतो.

राम मोहन यांच्याकडे पुन्हा येते, कारण माझ्या कामाशी त्यांचा थेट संबंध आहे. १९९० च्या दशकात त्यांनी युनिसेफसाठी 'मीना' घडवली. दक्षिण आशियातली खेड्यातली मुलगी, जिला शाळेत जायचंय आणि भावाइतकं जेवायला हवंय. ती मुद्दाम कुठल्याच एका देशाची दिसू नये असं तिचं रूप ठरवलं होतं. बालविवाहावर बोलायला गेलं की वाडीवरच्या बायका गप्प बसतात. मीनाची गोष्ट लावली की बोलायला लागतात, कारण दोष मीनाच्या घरच्यांवर जातो, त्यांच्या घरावर नाही. कार्टूनची ही ताकद आहे. खऱ्या माणसाबद्दल जे बोलता येत नाही ते काढलेल्या माणसाबद्दल बोलता येतं.

आता काड्यापेटीकडे. आपल्याच भागात, कर्जत-खालापूरच्या हद्दीत, २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. माझ्या ओळखीची काही मुलं तिथे गर्दीत उभं राहायला गेली, दिवसाचे पैसे घेऊन आली. चित्रपट म्हणजे मोठे सेट, मोठं भांडवल, आपलं काम गर्दीत, हा समज त्यातून पक्का झाला. अ‍ॅनिमेशनला तो लागू नाही. जुना मोबाइल, त्याला न हलू देणारा आधार (आम्ही पाट आणि दोन विटा वापरतो), स्टॉप मोशनचं एखादं फुकट अ‍ॅप आणि पुठ्ठ्याची कापलेली हरणं. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट कात्रीने कापलेल्या काळ्या सावल्यांवर केला. आजही तो पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. उजेड मात्र एकसारखा लागतो. खिडकीतल्या उन्हावर काम केलं तर ढग आला की चित्र काळवंडतं, हे आम्ही दोन रविवार वाया घालवून शिकलो.

पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०१९ पासून लोकांसाठी खुलं. कर्जतहून दिवसभरात जाऊन येता येतं. जयंतीच्या वर्गणीतून एका वर्षी पंधरा मुलांचं तिकीट निघालं तर डीजेचा आवाज फार कमी होणार नाही.

आमच्या वर्गाने निग्रोध मृगाचे अकरा तुकडे पाडलेत. हरणं कापून झाली आहेत, त्यांतली तीन शेळ्यांसारखी दिसतात. राजा कसा काढायचा यावर अजून एकमत नाही. मुलं म्हणतात मुकुट हवा, मुली म्हणतात आचाऱ्याच्या बाजूने दाखवू, राजाचे फक्त पाय दिसू देत. लाडूवाल्या मुलीने शाख मागून घेतलाय. ती म्हणते तो वाईट नाही, त्याला फक्त पाळी पाळायची सवय लागली आहे.