विकण्याआधी किती दुरुस्ती? जर्मनीतला एक व्यवहार

श्टुटगार्ट

हिवाळाभर इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांचा पत्रा खातं. म्हणून हौशी लोक आपली स्पोर्ट्स कार ऑक्टोबरअखेर गॅरेजमध्ये लावतात ती वसंत लागल्यावरच बाहेर काढतात. सरकारने त्यासाठी हंगामी नंबरप्लेटची सोय ठेवली आहे. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात. वर ०४ आणि खाली १० असेल तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर येऊ शकते, आणि करही तेवढ्याच महिन्यांचा पडतो. ऊन पडायला लागलं की या गाड्या बाहेर येतात, आणि त्याच सुमारास विकायलाही निघतात, कारण उघड्या छपराच्या गाडीला गिऱ्हाईक याच दिवसांत मिळतं. मग घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आहे तशी विकायची, की आधी खर्च करायचा?

सध्या ही चर्चा आमच्या शेजारी चालू आहे. शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर आहेत. त्यांच्याकडे १९९७ ची पोर्शे बॉक्सस्टर आहे, पहिल्या पिढीची. या शहरात ही नुसती गाडी नाही. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी तोट्यात रुतली होती. १९९३ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्सस्टरचा नमुना लोकांसमोर आला, १९९६ मध्ये गाडी बाजारात उतरली आणि कंपनी सावरली. मागणी एवढी होती की इथला त्सुफेनहाउझेनचा कारखाना पुरेना, म्हणून फिनलंडमध्येही तिची जुळणी सुरू झाली. ज्यांचं आयुष्य या उद्योगात गेलं त्यांचा ती गाडी विकताना जीव कसा होतो, हे मी रोज पाहतो आहे.

गाडीचं वय मात्र दिसतं. पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके आहेत. कापडी छताची मागची काच प्लॅस्टिकची आहे, ती पिवळट झाली आहे. क्लचचं पेडल जड लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलाचा ओलावा आहे. टायरची नक्षी चांगली खोल आहे, पण कडेवरचा चार आकडी कोड १८१३ आहे, म्हणजे टायर २०१३ च्या अठराव्या आठवड्यात बनलेले. सगळं करायला घेतलं तर बिल कुठे जाईल याचा नेम नाही, कारण शहरातल्या गॅरेजमध्ये मजुरीचा एक तास सहज शंभर युरोंच्या पुढे जातो.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. नव्या खासगी गाडीची पहिली तांत्रिक तपासणी तिसऱ्या वर्षी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. बोलण्यात सगळे तिला ‘ट्यूफ’ म्हणतात, जरी ती डेक्रासारख्या इतर संस्थांकडूनही करून घेता येते. ट्यूफचा उगम गाड्यांत नाही, वाफेच्या बॉयलरमध्ये आहे. १८६५ मध्ये मानहाइमच्या एका बिअर कारखान्यात बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी बॉयलर मालकांनी एकत्र येऊन तपासणीची संघटना उभी केली, आणि तिच्यासारख्या संघटनांमधून आजच्या ट्यूफ संस्था घडल्या. १९५१ पासून मोटारगाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. मागच्या नंबरप्लेटवरचा गोल रंगीत स्टिकर त्याचीच खूण. त्यावर जो आकडा सर्वांत वर येतो तो पुढच्या तपासणीचा महिना, आणि वर्ष रंगावरून कळतं.

तपासनीस दोषांची प्रतवारी करतो. तेलाचा नुसता ओलावा असेल तर तो किरकोळ दोष. थेंब पडत असतील तर गंभीर, आणि मग स्टिकर मिळत नाही. महिन्याभरात दुरुस्ती करून गाडी परत दाखवावी लागते. ब्रेकचे पाइप, सांध्यांतली ढिलाई, दिवे, टायर, धूर हे सगळं पाहिलं जातं. बंपरवरच्या टवक्यांकडे, फाटक्या सीटकडे किंवा उडालेल्या रंगाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. ज्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे ते समाजाचं काम, जे डोळ्यांना खटकतं ते ज्याचं त्याने पाहावं. जुनं घर विकताना वायरिंग बदलावी आणि भिंतींचा रंग नव्या मालकावर सोडावा, तसंच हे आहे.

म्हणून शेजाऱ्यांनी पहिला निर्णय एका दमात घेतला. चारही टायर नवे आणि ब्रेकचे गंजलेले पाइप नवे. मी सहज म्हटलं, घेणारा करून घेईल की. ते म्हणाले, “ही गाडी उद्या कुणाच्या तरी मुलीला घेऊन श्वार्त्सवाल्डच्या घाटातून उतरणार आहे. ब्रेक मी करूनच देणार.” त्यानंतर गाडी तपासणीला नेली आणि दोन वर्षांचा नवा स्टिकर लागला. इथल्या जाहिरातीत ‘ट्यूफ नवीन’ हे दोन शब्द पॉलिशच्या चकाकीपेक्षा जास्त काम करतात. तपासणी नसलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं ते बहुतेक हातोडी-पान्याची हौस असलेलं, आणि ते भाव पाडूनच मागतं.

खरा पेच इंजिनाचा. या पिढीच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत तो व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे नेतो. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक बंद बेअरिंग आहे आणि तेच या गाडीचं जगजाहीर दुखणं. ते तुटलं तर लोखंडाचा चुरा तेलात पसरतो, व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि इंजिन बसतं. मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते नंतरच्या एकेरीपेक्षा जास्त टिकतं, तरी धास्ती सगळ्यांनाच असते. बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच बदलतानाही तो उतरतोच आणि तेल झिरपणारं सीलही त्याच जागी हाती लागतं. म्हणजे तीन कामं, मजुरी एकदाच.

मग विकण्याआधी हे तिहेरी काम करून टाकावं का? इथले जाणकार क्लचकडे बोट दाखवतात. क्लच घसरत असेल तर काम टळत नाही. मग सील आणि बेअरिंगही त्यातच उरकावं आणि बिल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावं. पेडल नुसतं जड असेल आणि क्लच अजून पकडत असेल, तर काम पुढच्या मालकावर सोडावं आणि तेवढा भाव कमी करावा. यामागे हिशेब आहे. बदली बेअरिंगचे अनेक प्रकार मिळतात, कुणाला सिरॅमिक गोळ्यांचं हवं असतं, कुणाला रोलरचं. विकणाऱ्याने बसवलेला प्रकार घेणाऱ्याला पटेलच असं नाही, आणि न पटलेल्या कामाचे पैसे कुणी पूर्ण देत नाही.

शेजाऱ्यांनी याऐवजी एक स्वस्त तपासणी केली. तेल बदलताना जुन्या फिल्टरची कागदी गुंडाळी काढली, कात्रीने कापून वर्तमानपत्रावर पसरली आणि दिव्याखाली एकेक घडी उघडून पाहिली. बेअरिंग झिजत असेल तर त्या घड्यांत धातूची चमचम दिसते. इथे काळं तेल होतं, चमक नव्हती. त्यांनी फोटो काढला, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि सर्व्हिसिंगच्या फाइलमध्ये लावला. ही फाइल १९९७ पासूनची आहे. प्रत्येक पावती तिच्यात आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र इथला अनुभव आपल्याकडच्या समजुतीच्या उलट आहे. विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंग करून गाडी चकचकीत करावी असं आपल्याला वाटतं. इथलं सावध गिऱ्हाईक खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतं आणि पत्र्यावर जागोजागी टेकवतं. एखाद्या दारावर जाडी दुप्पट-तिप्पट भरली की त्याचा पहिला प्रश्न असतो, इथे काय झालं होतं? हजारो युरो घालून केलेला ताजा रंग उलट संशय वाढवतो. म्हणून टवके तसेच ठेवले आणि गाडी फक्त आतून-बाहेरून धुऊन काढली.

उरलेलं अर्धं उत्तर करारात आहे. खासगी विक्रेत्याला जुन्या वस्तूच्या दोषांची जबाबदारी लेखी नाकारता येते. व्यापाऱ्याला ती सवलत नाही. पण १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेच्या ४४४ व्या कलमाप्रमाणे, माहीत असलेला दोष ज्याने कपटाने लपवला त्याला त्या नकाराचा आधार घेता येत नाही. किरकोळ ओरखड्यापलीकडचा अपघात तर न विचारताही सांगावा लागतो. त्यामुळे इथे दोष लिहून देणं विक्रेत्याच्याच फायद्याचं ठरतं. आमच्या शेजाऱ्यांच्या कराराच्या मसुद्यात साफ लिहिलं आहे: क्लच जुना, सीलपाशी ओलावा, मधल्या शाफ्टचं बेअरिंग मूळचं. एकदा लिहिलं की दोषाचा भाव ठरतो, आणि नंतर भांडायला जागा उरत नाही.

मित्रांनी त्यांना थांबायचाही सल्ला दिला. पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झाली की चांगल्या आणि मूळ अवस्थेतल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं, म्हणजे ऐतिहासिक वाहनाचा दर्जा. त्यांच्या गाडीला ते २०२७ मध्ये मिळू शकेल. पण ‘एच’ गाडीचा वर्षाचा ठोक कर १९१.७३ युरो आहे. युरो २ वर्गातल्या अडीच लिटर पेट्रोल गाडीला दर १०० घनसेंटिमीटरला ७.३६ युरो या दराने १८४ युरोच पडतात. करात काही वाचत नाही, मिळतो तो मान. तो पुढच्या मालकाला मिळावा म्हणून त्यांनी तळघरातून मूळचा रेडिओ आणि मूळची चाकं काढून परत बसवली. याला पैसे लागले नाहीत आणि गाडीची किंमत मात्र राखली गेली.

हे सारं पाहताना मला आपल्याकडचे व्यवहार आठवतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर पीयूसी सोडलं तर ब्रेक, सांधे, टायर कुणी सक्तीने तपासत नाही. आठ वर्षांची गाडी घेणारा माणूस ओळखीच्या मेकॅनिकच्या भरवशावर असतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये गाडीच्या दोषांना जागाच नाही. त्यामुळे विकणारा चकाकीवर खर्च करतो, घेणारा चकाकी पाहून पैसे मोजतो, आणि झिजलेले ब्रेक तसेच घाट उतरतात. दर दोन वर्षांची प्रामाणिक तपासणी आपल्याकडेही यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण ती येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. सर्व्हिसिंगच्या पावत्या जपायला आणि दोष कागदावर लिहून द्यायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गाडी विकायची ठरली की पहिला खर्च तपासणीवर करा, दुसरा ब्रेक आणि टायरवर. पैसे वाचवायचेच असतील तर ते रंगावर वाचवा.