यंत्राला जाब विचारणारे वकील

बँकेत खाते उघडायला आता बँकेची पायरी चढावी लागत नाही. मोबाइलवर अर्ज भरायचा, आधार क्रमांक द्यायचा आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. पडद्यावर सूचना येते, ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ आपण पापण्या मिटतो, उघडतो, आणि काम झाले.

पण ज्यांच्या पापण्या मिटतच नाहीत त्यांनी काय करायचे?

प्रज्ञा प्रसून यांच्यापुढे हा प्रश्न जुलै 2023 मध्ये उभा राहिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अशाच इतर महिलांसाठी काम करणाऱ्या या बाई एका मोठ्या खासगी बँकेत खाते उघडायला गेल्या. कागदपत्रे होती, त्या स्वतः हजर होत्या. तरीही पापणी लवली नाही म्हणून अर्ज पुढे सरकेना. बराच गवगवा झाल्यावर बँकेने त्यांच्यापुरता अपवाद केला. मात्र एकीसाठी केलेला अपवाद ही मेहरबानी असते. ती उद्या दुसरीला मिळेलच असे नाही. सर्वांसाठी नियम बदलला तरच त्याला हक्क म्हणता येते. म्हणून प्रज्ञा आणि त्यांच्यासारख्या इतरांनी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

पापणीची अट तरी का? कुणी दुसऱ्याचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून त्याच्या नावाने खाते उघडू नये, म्हणून समोर जिवंत माणूस आहे याची खात्री करावी लागते. हेतू चांगलाच आहे. पण ही खात्री करण्याच्या अनेक रीती असताना सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पापणीची सोपी रीत धरली आणि ज्यांना ती जमणार नाही त्यांचा विचारच राहून गेला.

अशाच प्रकारची दुसरी याचिका केली अमर जैन यांनी. ते पूर्णपणे दृष्टिहीन आहेत आणि व्यवसायाने वकील आहेत. संकेतस्थळे आणि ॲप अपंगांना वापरता येतात की नाही हे तपासण्याचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले आहे. कायदा आणि यंत्र, दोन्हींची भाषा जाणणारा हा माणूस. नागपूरचे राहुल बजाज हे त्यांच्यासारखेच दृष्टिहीन वकील. रोड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला शिकून आले. या दोघांचा ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’ या संस्थेच्या स्थापनेत वाटा आहे.

दृष्टिहीन माणसाची अडचण जरा वेगळी असते. चेहरा चौकटीत आला की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. कार्डाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, ते कळत नाही. ओटीपी ऐकून टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपते. सहीऐवजी अंगठा चालत नाही. मग दुसऱ्या कुणाच्या हातात मोबाइल द्यावा लागतो. आपला पैसा, आपला ओटीपी आणि आपले गुपित परक्याच्या हाती जाते.

न्यायालयापुढे मांडलेला युक्तिवाद साधा आणि भक्कम होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो आणि त्यात ॲसिड हल्ल्याचे बळीही येतात. सेवा त्यांना वापरता येईल अशी करावी, हे बंधन हाच कायदा घालतो. आज पेन्शन, शिष्यवृत्ती, सरकारी मदत सारे बँक खात्यात येते. तेव्हा खात्याचे दार बंद म्हणजे जगण्याचेच दार बंद.

30 एप्रिल 2025 रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी ठरवले आणि 20 निर्देश दिले. पापणी लववण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, कागदावरची केवायसी चालू ठेवा, ॲप चाचणीला लावताना दृष्टिहीनांनाही बोलवा, आणि यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, असे त्यांतले काही. ऑगस्ट 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने आपले नियमही सुधारले. खास गरजा असलेली व्यक्ती जिवंतपणाच्या चाचणीमुळे बाहेर पडता कामा नये, असे आता त्यात लिहिले आहे.

पैसा, संगणक आणि कायदा जिथे एकत्र येतात तिथे काम करणाऱ्या वकिलांना ‘फिनटेक वकील’ म्हणतात. यांतले बरेचसे कधी कोर्टात उभेही राहत नाहीत. कुणी बँकेसाठी नियम वाचतो, कुणी ॲप कंपनीचा करार लिहितो, कुणी ग्राहकाची बाजू मांडतो. कर्ज देणाऱ्या ॲपचे उदाहरण घ्या. ही ॲप मोबाइलमधले सारे नंबर उचलत, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करत. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जावी, एकूण खर्च एका पानावर आधी सांगावा, आणि फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावू नये. असा नियम ॲपच्या प्रत्येक बटणापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहणे हेच या वकिलाचे रोजचे काम.

आपल्या मुलामुलींसाठी इथे एक खास जागा आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, तुमची माहिती घेताना संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय देण्याची तरतूद आहे. या भाषांत मराठीही आहे आणि उर्दूही. कायद्याची किचकट वाक्ये दादीला समजतील अशा मराठीत किंवा उर्दूत लिहू शकणारे वकील किती असतील? घरात दोन भाषा आणि शाळेत तिसरी शिकलेल्या मुलीने याला ओझे मानू नये. हीच तिची पुंजी आहे.

वाट अशी आहे. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएच-सीईटी लॉ ही परीक्षा, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. पदवीनंतर बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते. संगणकाचे इंजिनिअर होण्याची गरज नाही, पण ॲप कसे चालते याचे कुतूहल हवे. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. रोज एक वाचले तरी वर्षभरात नजर तयार होते. सुरुवातीची वर्षे कमी पैशांची आणि जास्त वाचनाची असतात, हे मात्र अम्मी-अब्बांनी आधीच समजून घ्यावे.

आणि वकील होईल तेव्हा होईल, आज घरात काय करायचे तेही सांगते. आपल्या वस्त्यांत विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर ठसा उमटत नाही आणि त्या मान खाली घालून परत येतात, जणू गुन्हा त्यांचाच. असे झाले तर परत फिरू नका. कागदावर केवायसी करून मागा. नकार दिला तर कारण लेखी मागा. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

नकार यंत्राने दिला म्हणून तो शेवटचा ठरत नाही. ते यंत्रही कुणा माणसानेच बनवलेले असते, आणि माणसाला जाब विचारता येतो.