गेमिंग कॉम्प्युटर : तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात कारखाना असलेले आमचे एक परिचित मध्यंतरी दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. एक कागद म्हणजे मोठ्या कंपनीच्या तयार गेमिंग कॉम्प्युटरचे छापील कोटेशन. दुसरा म्हणजे लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने हाताने लिहून दिलेली सुट्या भागांची यादी. बारावी झालेल्या मुलाला खेळासाठी कॉम्प्युटर हवा होता. त्याच मशीनवर दिवसा किचन आणि वॉर्डरोबची त्रिमिती चित्रे काढून गिऱ्हाइकांना दाखवायची, असे बापलेकांत ठरले होते. यादीचा आकडा कोटेशनपेक्षा बराच कमी होता.

"स्वस्त घ्यावे तर फसण्याची भीती वाटते आणि महाग घ्यावे तर जादा पैसे कशाचे देतो ते कळत नाही," असे ते म्हणाले. रक्कम त्यांच्या वर्षभराच्या बचतीची होती.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मुलांनी किती वेळ खेळावे हा प्रत्येक घरचा वेगळा विषय आहे, त्यात आम्ही येथे शिरत नाही. परंतु खेळासाठी लागणारे मशीन आणि फर्निचरचे डिझाइन किंवा लग्नाच्या फिल्मचे एडिटिंग करण्यासाठी लागणारे मशीन यांत फारसा फरक नसतो, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी लक्षात घ्यावे. दोन्हींना दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. तेव्हा ही खरेदी केवळ मुलाच्या हट्टाची नसून अनेकदा धंद्याच्या अवजाराची असते, आणि अवजाराची खरेदी हिशेबानेच झाली पाहिजे.

जुळणीचा धंदा कसा उभा राहिला?

१९८१ साली आयबीएमने आपला 'पीसी' बाजारात आणला तेव्हा त्यातील बहुतेक भाग इतर कंपन्यांकडून विकत घेतलेले होते. त्याची रचनाही गुप्त ठेवलेली नव्हती. त्यामुळे इतरांनाही तसेच मशीन बनविता आले. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले. मदरबोर्डाची भोके कोठे असावीत, वीज पुरविणारी पेटी केवढी असावी, हे सर्व त्यात निश्चित झाले. एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्या कारखान्याच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो या मापामुळे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड हे जुळणीचे बाजार अशा ठरलेल्या मापांवरच उभे आहेत.

आज जगातील मोठ्या ब्रँडांत गणली जाणारी डेल कंपनी १९८४ साली मायकेल डेल या विद्यार्थ्याने अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीत, हजार डॉलरच्या भांडवलावर सुरू केली. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे मशीन जुळवून देणे हाच तिचा धंदा होता. म्हणजे ब्रँडेड आणि असेंबल्ड यांचे मूळ एकच आहे. तयार मशीनमध्ये काही वेगळी जादू असते असे कोणी समजू नये.

मग फरक कशात आहे?

फर्निचरच्या धंद्यातील माणसाला हे चटकन समजेल. तयार कपाट घेतले तर आत कोणता प्लाय आहे आणि बिजागऱ्या कोणत्या आहेत ते कारखाना ठरवतो. मोजमाप देऊन करून घेतले तर ते आपण ठरवतो. परंतु वर्षभराने दार खाली आले तर तयार कपाटवाल्याला एक फोन करता येतो. करून घेतलेल्या कपाटाच्या बाबतीत सुताराचे म्हणणे, बिजागरी खराब होती, आणि बिजागरीवाल्याचे म्हणणे, सुताराने स्क्रू नीट मारला नाही. कॉम्प्युटरचेही तंतोतंत तसेच आहे. तयार मशीनच्या जादा किमतीत आपण एक जबाबदार माणूस विकत घेतो. जुळवून घेतलेल्या मशीनचे जबाबदार माणूस आपण स्वतः असतो. किमतीतला फरक समजून घेण्याची किल्ली हीच आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी कचेरीच्या कामासाठी आम्ही एक मशीन जुळवून घेतले. प्रोसेसर चांगला घेतला, रॅम भरपूर घेतली आणि वीज पुरविणारा एसएमपीएस मात्र "कोणताही टाका" असे सांगितले. आठ महिन्यांनी ऐन उन्हाळ्यात तो जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. बोर्ड जळालेला असल्याने कंपनीने वॉरंटी नाकारली. एसएमपीएस कच्च्या बिलावर होता, त्यामुळे दुकानदारानेही हात वर केले. काही शेकडा वाचविण्याच्या नादात काही हजार गेले आणि काम तीन आठवडे बंद राहिले ते वेगळेच.

तयार मशीनमध्ये काय तपासावे?

गेमिंग मशीनच्या किमतीपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक ग्राफिक्स कार्डावर जातो. म्हणूनच तयार मशीनच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्डाचे नाव ठळक अक्षरांत असते. एसएमपीएस कोणाचा, मदरबोर्ड कोणता, रॅमच्या पट्ट्या किती, हे सहसा छापलेले नसते. काटकसर नेमकी तेथेच होते. १६ जीबी रॅम एका पट्टीत दिली तर प्रोसेसरला ती एकाच वाटेने मिळते. आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर दोन वाटा मिळतात आणि खेळात वेगाचा फरक दिसतो.

दुसरे म्हणजे, काही मोठ्या कंपन्या आपल्याच मापाचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस वापरतात. वॉरंटी संपल्यावर तो भाग गेला तर बाजारातला दुसरा बसत नाही. कंपनी सांगेल ती किंमत द्यावी लागते. याउलट, ठरलेल्या मापाचा फायदा पाहा. एएमडीच्या एएम४ जातीचा मदरबोर्ड ज्यांनी २०१८ साली घेतला, त्यांपैकी अनेकांना बोर्डाचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून त्याच बोर्डावर २०२२ सालचा प्रोसेसर बसविता आला. नवे मशीन घेण्याचा खर्च वाचला. तेव्हा तयार मशीन घेतानाही "यातला बोर्ड आणि एसएमपीएस बाजारातल्या मापाचा आहे का?" हे अवश्य विचारावे.

जुळवून घेताना काय तपासावे?

तयार मशीनची वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. जादा पैसे भरून ती वाढविता येते. जुळवलेल्या मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षे, मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डाला बहुधा तितकीच, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा अधिक. कागदावर हे जास्त दिसते आणि आहेही. परंतु बिघाड कोणत्या भागात आहे हे आपण ओळखायचे आणि तो भाग त्या कंपनीच्या केंद्रावर आपणच न्यायचा. प्रोसेसर डब्याविना 'ट्रे'मधला दिला असेल तर त्याला कंपनीची सरळ वॉरंटी नसते, दुकानदाराच्या शब्दावरच राहावे लागते. आखाती देशातून कोणी नातेवाईक कार्ड आणणार असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधीच कंपनीकडून लेखी घ्यावे.

एसएमपीएसवरील '८० प्लस' हा शिक्का विजेची नासाडी किती कमी होते एवढेच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. यूपीएसचेही भान ठेवावे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली तर तो भार सोसेलच असे नाही.

तुलना बरोबरीची हवी

तयार मशीनसोबत विंडोजचा परवाना येतो. जुळवलेल्या मशीनमध्ये अनेक दुकानदार विनापरवाना विंडोज टाकून देतात आणि तेवढी किंमत कमी दिसते. हा नफा नव्हे. परवान्याची रक्कम यादीत धरल्याशिवाय तुलना करू नये. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे परवाना ११चाच असावा.

दुसरी गोष्ट बिलाची. कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिल नको असेल तर कमी करतो' असे कोणी म्हणाले तर तो आपली वॉरंटीच कमी करीत आहे, असे समजावे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवरील कर वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. मशीन घर आणि धंदा दोन्हींत वापरणार असाल तर किती हिस्सा मागायचा हे आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

बाजाराची वेळही पाहावी लागते. २०२० ते २०२२ या काळात साथ आणि क्रिप्टो चलनाची खाणकामे यांमुळे ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला. तेव्हा अनेक ठिकाणी सुट्या कार्डापेक्षा तयार मशीन परवडत होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने ही पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले. अशा वेळी जुन्या भावाच्या मालातून बनलेले तयार मशीन स्वस्त पडू शकते. म्हणून दोन्ही भाव एकाच आठवड्यात काढावेत.

हप्ते आणि व्याज

तयार मशीनबरोबर 'नो कॉस्ट ईएमआय'चे आमिष असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते प्रक्रिया शुल्कात लपविलेले असते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला न मिळणे, हेही त्याचेच एक रूप. व्याज टाळणाऱ्या आमच्या वाचकांसाठी जुळणीत एक सोय आहे : मशीन टप्प्याटप्प्याने घेता येते. आधी अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा, त्यावर साधे काम सुरू होते. पैसे जमले की कार्ड रोखीने बसवावे. मात्र एसएमपीएस पहिल्याच दिवशी पुढच्या कार्डाच्या हिशेबाने घ्यावा. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० कार्डासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते.

अखेर काय ठरले?

आमच्या परिचितांना आम्ही एकच सांगितले, दोन्ही कागद एकाच भाषेत लिहून घ्या. ते ग्रँट रोडला परत गेले आणि यादीत प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल व वॉरंटी लिहून घेतली. एसएमपीएस बदलला, रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या, विंडोजचा परवाना धरला आणि पक्के बिल मागितले. दोन कागदांतला फरक निम्म्याहून खाली आला. तरीही त्यांनी जुळवूनच घेतले. कारण जोगेश्वरीहून ग्रँट रोड एका लोकलवर आहे, मुलाने दुकानात बसून जुळणी स्वतः पाहिली आणि कार्ड चार महिन्यांनी रोखीने घ्यायचे ठरले.

हेच परिचित मालेगावला किंवा परभणीला असते आणि घरात मशीन उघडणारे कोणी नसते, तर आम्ही त्यांना तयार मशीन घ्या असे सांगितले असते. मात्र घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय त्या गावात आहे का, हे कंपनीकडून लेखी घेऊनच. एक बिघडलेला भाग घेऊन मुंबईला येण्यात एक दिवस, भाडे आणि बंद पडलेले काम जाते. ती किंमत कोणत्याही कोटेशनवर लिहिलेली नसते.

तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी घरीच एक प्रश्न विचारावा : हे मशीन बंद पडेल त्या दिवशी ते उचलून कोण नेणार? घरात त्याचे उत्तर असेल तर जुळवून घ्यावे. नसेल तर तयार घ्यावे आणि जादा दिलेल्या पैशांबद्दल हळहळू नये.