सी ड्राइव्ह कशानं भरला?

घरचा संगणक : लेखांक ९

‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड चालते ती वर्डच्या जुन्या पत्रांवर. बायोडेटाच्या जुन्या प्रती, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, मुलांचे शाळेचे प्रकल्प असं सगळं धडाधड पुसलं जातं आणि पट्टी तशीच लाल राहते. राहणारच. वर्डचं साधं पत्र काही केबींचं असतं. आयफोनवर ४के दर्जाचं, सेकंदाला ३० चौकटींचं चित्रीकरण केलं, तर एका मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात. वर्षभराची पत्रं पुसून त्यातले काही सेकंदही मोकळे होत नाहीत.

म्हणून आज पुसण्याची घाई करायची नाही. जागा कुठं गेली ते आधी मोजायचं.

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. १९९० साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क होती आणि ती १४ जण मिळून वापरत होते. ती सारखी भरायची आणि कोणी किती व्यापलं आहे ते यादी वाचून कळायचं नाही. श्नाइडरमन यांनी एक युक्ती काढली. अख्खी डिस्क म्हणजे एक मोठा आयत. त्यात प्रत्येक फोल्डरचा एक चौकोन, फोल्डरच्या चौकोनात फाइलींचे चौकोन, आणि फाइल जेवढी मोठी तेवढं तिच्या चौकोनाचं क्षेत्रफळ. या चित्राला ट्रीमॅप म्हणतात. पुढं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात त्यावरून ‘सेक्वोयाव्ह्यू’ तयार झालं, मग लिनक्ससाठी ‘केडरस्टॅट’ आलं आणि त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन विंडोजसाठी ‘विनडरस्टॅट’.

हे विनडरस्टॅट फुकट मिळतं. ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. उजव्या बटणानं ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडा, म्हणजे लपलेले फोल्डरही मोजले जातील. चहा होईपर्यंत चित्र तयार होतं. तेवढाही धीर नसेल तर ‘विझट्री’ आहे. ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, डिस्कच्या फाइलींची मूळ नोंदवहीच वाचतं, त्यामुळं काही सेकंदांत उरकतं. चित्रातला सर्वांत मोठा चौकोन दाबला की तो कोणत्या फाइलीचा आहे ते दिसतं. यात एकच पथ्य पाळायचं: या खिडकीतून पुसायचं काही नाही, फक्त बघायचं.

बघताना तीन मोठी नावं हमखास भेटतील. पहिलं ‘हायबरफिल’. संगणक ‘हायबरनेट’ करताना रॅममधला मजकूर या फाइलीत उतरवला जातो. तिचा नेहमीचा आकार रॅमच्या ४० टक्के असतो, म्हणजे १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सहा जीबीहून जास्त. तुम्ही हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ही जागा सरळ परत मिळते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पॉवरसीएफजी हे नाव सलग टाइप करा, जागा सोडून तिरकी रेघ व एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, आणि एंटर. फाइल तत्क्षणी नाहीशी होते. मात्र विंडोज झटपट सुरू करणारी ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय याच फाइलीवर चालते, तीही जाईल. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर हा फरक काही सेकंदांचा असतो. माझ्या मते सहा जीबीच्या बदल्यात तो सौदा वाईट नाही.

दुसरं नाव ‘पेजफाइल’. रॅम कमी पडली की विंडोज या फाइलीचा आधार घेतं. तिला हात लावू नका, एवढंच.

तिसरं नाव ‘विनएसएक्सएस’, विंडोजच्या फोल्डरातला एक उपफोल्डर. याच्यामुळं भले भले घाबरतात, कारण प्रॉपर्टीज पाहिल्या तर तो दहा-पंधरा जीबींचा दिसू शकतो. इथं विंडोज आपल्या सगळ्या घटकांच्या फाइली ठेवतं आणि त्यांतल्या बऱ्याचशा फाइलींना ‘सिस्टम३२’सारख्या ठिकाणीही नाव दिलेलं असतं. नावं दोन, फाइल एकच. एकाच सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असली म्हणून जमीन दुप्पट होत नाही, पण एक्सप्लोरर मात्र ती दोनदा मोजतो. त्यामुळं या फोल्डरानं खरोखर व्यापलेली जागा दिसते त्याहून बरीच कमी असते. हातानं यातलं काही पुसलं, तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. जुन्या अपडेटच्या फाइली इथं खरोखर साचलेल्या असतात, पण त्या काढायला वेगळा दरवाजा आहे. ‘डिस्क क्लीनअप’ उघडा, ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ हे बटण दाबा आणि यादीत ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करा. त्याला वेळ लागतो, तेवढ्यात लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास अनेकांनी विंडोज ११ घेतलं. असा बदल केल्यावर जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात राहते, कारण दहा दिवसांपर्यंत मागं फिरता येतं. हा फोल्डर दहा-वीस जीबी सहज खातो. मुदत संपली की तो आपोआप निघतो. घाईच असेल, नवी विंडोज नीट चालते आहे अशी खात्री पटली असेल, तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ असं जात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करून काढता येतो. याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही एक नाव असतं. तात्पुरत्या फाइलींच्या मथळ्याखाली लोकांच्या डाउनलोड्सला बसवणं मला मुळीच पटलेलं नाही. घराचं खरेदीखत, विम्याची पॉलिसी, निकालपत्रक असं सगळं अनेकांच्या डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. ‘रिमूव्ह’ दाबण्याआधी प्रत्येक खूण वाचा.

डाउनलोड्सची सफाई स्वतः करा, आकारानुसार क्रम लावून. एकच पीडीएफ नावापुढं कंसात १, २ असे आकडे घेऊन तीनदा उतरलेली सापडेल. कधीच बसवून झालेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइली सापडतील. लग्नाचा व्हिडिओ तर सापडेलच, आणि त्याच्याशेजारी तोच व्हिडिओ झिप करून. झिपचा इथं उपयोग नाही. जेपीजी फोटो आणि मोबाइलचे व्हिडिओ मुळातच दाबून लहान केलेले असतात, झिपमध्ये त्यांचा आकार जेमतेम घटतो.

यानंतरही हिशेब लागत नसेल तर लपलेला ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डर बघा. आयफोन लॅपटॉपला जोडून कधी बॅकअप घेतला असेल, तर तो सहसा इथं ‘मोबाइलसिंक’ नावाच्या फोल्डरात असतो. फोन विकून तीन वर्षं झाली तरी त्याचा बॅकअप पन्नास जीबी अडवून बसलेला असू शकतो. व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरचा साठाही बरेचदा इथंच वाढतो. तो त्या सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमधून रिकामा करावा. ब्राउझरच्या कॅशेच्या मागं मात्र फार लागू नका. आज पुसली तर आठवड्यात पुन्हा भरते, आणि मधल्या काळात प्रत्येक संकेतस्थळ सावकाश उघडतं.

‘तुमचा संगणक एका क्लिकमध्ये स्वच्छ’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल विचारणा नेहमी होते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून जागा मिळते हा शुद्ध गैरसमज आहे. अख्खी रजिस्ट्रीच सहसा काहीशे एमबींच्या पलीकडं जात नाही. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत धोरणही अशा सफाईला आधार देत नाही. जाहिराती दाखवून लोकांच्या पोटात भीतीचा गोळा आणणाऱ्या या सॉफ्टवेअरना माझ्याकडून रामराम.

आपल्याकडं एक वेगळाच प्रकार पुष्कळ दिसतो. दुकानातून विंडोज टाकून आणलेल्या संगणकात सी ड्राइव्हला शंभर जीबी दिलेले असतात आणि उरलेला डी ड्राइव्ह जवळजवळ मोकळा. इथं काही पुसायची गरजच नाही. ‘पिक्चर्स’ किंवा ‘व्हिडिओज’ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ हा भाग असतो, तिथं ‘मूव्ह’ म्हणून डी ड्राइव्हवरची जागा द्यायची. विंडोजला नवा पत्ता कळतो आणि सगळं पूर्वीसारखं चालतं. सी ड्राइव्हच वाढवायचा असेल, तर त्याला अगदी लागून उजवीकडं रिकामी जागा असावी लागते. मध्ये दुरुस्तीचं छोटं पार्टिशन असलं की विंडोजचं ‘एक्स्टेंड’ बटण फिकट होऊन बसतं. ते काम जाणकाराकडं, आणि आधी बॅकअप घेऊन.

किती जागा मोकळी ठेवावी? एसएसडी असेल तर मी पंधरा टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. एसएसडीमध्ये लिहिणं लहान लहान पानांत होतं, पण पुसणं मोठ्या ठोकळ्यांत. ठोकळ्यातली काही पानं अजून कामाची असतील, तर ती आधी दुसरीकडं उतरवून मगच तो पुसता येतो. मोकळी जागा कमी असली की ही हलवाहलव वाढते, लिहिण्याचा वेग पडतो आणि चिपची झीजही जास्त होते. विंडोजच्या मोठ्या अपडेटलाही अनेक जीबी लागतात, जागा नसली की ते अर्ध्यातच थांबतं.

शेवटी वनड्राइव्ह. लॅपटॉप नवा घेतला की ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ बरेचदा मालकाच्या नकळत वनड्राइव्हशी जोडले जातात. मग ‘फोटो तर ऑनलाइन आहेतच’ म्हणत माणूस लॅपटॉपवरचे पुसतो, आणि ते ऑनलाइनही जातात, घरातल्या दुसऱ्या संगणकावरूनही जातात. वैयक्तिक खात्यात ते ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळतात. जागा करायची तर ‘डिलीट’च्या वाटेला न जाता उजव्या बटणानं ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइलीपुढं निळ्या ढगाची खूण येते, नाव तिथंच राहतं, आणि उघडली की इंटरनेटवरून ती पुन्हा उतरते. प्रवासात, नेटवर्क नसलेल्या गावात लागणार असलेल्या फाइलींना मात्र ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा; त्यांच्यापुढं भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी बरोबरची खूण दिसते.

वनड्राइव्हची मोफत जागा पाच जीबीच आहे, तेव्हा लग्नाचा तो व्हिडिओ तिथं मावायचा नाही. त्यासाठी बाहेरची डिस्क लागेल. ती कोणती घ्यावी आणि तिच्यावर किती विसंबावं, ते पुढच्या आठवड्यात.