पहिली मोटारहोडी

धाराशिव जिल्ह्यांतल्या एका निवृत्त शिक्षकानें मोटारहोडीवर बोलावें, हें ऐकून कोणासही हंसूं येईल. जेथें उन्हाळा आला कीं घागरींच्या रांगा लागतात, तेथें होडी कशाला? परंतु आमच्याकडे पाणी मुळींच नाहीं असें नाहीं. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळीं नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी अडवून पाणीमहाल उभारला गेला. आणि स्वातंत्र्यानंतर माकणीचा निम्न तेरणा, परांड्याकडचा सीना-कोळेगांव व सरहद्दीवरचा मांजरा असे मोठे जलाशय झाले.

गेल्या हिंवाळ्यांत माझ्या पुतण्यानें कुटुंबासाठीं होडी घेण्याचें मनांत आणलें. "काका, तुम्ही शाळेंत आर्किमिडीज शिकवीत होतां, आतां होडी तुम्हीच निवडा," असें म्हणून त्यानें तो भार माझ्यावर टाकला. त्या निमित्तानें जें समजलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

होडी निवडण्यापूर्वीं पाणी पाहावें. २०१६ च्या दुष्काळांत मांजरा धरण आटलें आणि लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या जलाशयाचा कांठ उन्हाळ्यांत दूरवर सरकतो आणि मध्यें चिखल उरतो, तेथें जड, खोल बुडणारी होडी निरुपयोगी होय. आपल्याकडची होडी हलकी असावी. मोटारीमागें गाडीवर घालून नेतां यावी.

मग तळाचा आकार. सपाट तळाची होडी उथळ पाण्यांत चालते व उभी असतां फारशी डुलत नाहीं. परंतु लाटांवर आपटत जाते. खोल निमुळत्या तळाची होडी लाट कापते. पण तिला पाणी खोल लागतें आणि यंत्रही अधिक शक्तीचें लागतें. नवशिक्या कुटुंबानें मधला, किंचित् निमुळता तळ घ्यावा. होडी पाण्यानें भरली तरी तरंगत राहील अशी हवाबंद योजना तिच्या पोटांत आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.

यंत्र मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलें असावें, म्हणजे उथळांत तें वर उचलतां येतें. तें जलाशयाचेंच पाणी ओढून थंड राहतें. म्हणून चालू असतां मागून पाण्याची बारीक धार पडते कीं नाहीं, यावर नजर ठेवावी. गाळानें वाट तुंबली कीं धार थांबते आणि यंत्र तापतें. चालकाच्या मनगटाला बांधावयाची एक दोरी असते. तो पाण्यांत पडला तर ती सुटून यंत्र बंद होतें. ती दोरी प्रत्येक वेळीं बांधावीच. इंधनाचे तीन भाग करावे: एक जाण्यास, एक येण्यास, एक संकटास. वल्हीं मात्र यंत्र असतांही बरोबर घ्यावीं.

आम्ही एक जुनी होडी पाहण्यास गेलों होतों. रंग नवा, किंमत स्वस्त, विकणारा गोड बोलणारा. मीं यंत्राची मागची फळी बोटांच्या पेरांनीं ठोकून पाहिली. एके ठिकाणीं आवाज टणक येई, दुसरीकडे भद्द. आंतलें लांकूड पाणी पिऊन कुजलें होतें. त्या फळीवर यंत्राचा सगळा भार आणि जोर पडतो. ती भर पाण्यांत तुटली असती तर? आम्ही तसेच परत आलों.

परंतु उत्तम होडीही वाऱ्यापुढें लहानच असते. २१ मे २०२४ रोजीं शेजारच्या उजनी जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यानें उलटली आणि सहा माणसें बुडालीं. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरूं लागलें कीं पाण्यावर जाऊं नये. होडीवर जितकीं माणसें लिहिलीं असतील, त्याहून एकही अधिक बसवूं नये. आणि लहानथोर प्रत्येकानें अंगाला नीट बसणारें तरंगजाकीट कांठावरच चढवावें. तें होडीच्या तळाशीं पडून राहिलें तर उपयोग काय?

कायद्याकडेही दुर्लक्ष करूं नये. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला. यांत्रिक नावेची तपासणी व नोंदणी त्यांत सांगितली आहे. धरणाच्या पाण्यांत होडी घालण्यापूर्वीं जलसंपदा खात्याची परवानगी विचारावी.

शेवटीं पुतण्यास मीं एकच अट घातली: प्रथम महिनाभर भाड्याच्या होडींत बसून वल्हें मारण्यास शिक, मग खरेदी कर. त्यानें तसें केलें, आणि मनांत होती त्याहून लहान, हलकी होडी घेतली. ती वेगानें जात नाहीं. परंतु घरची मंडळी कांठावर वाट पाहत असतात, तेथें ती ठरल्या वेळीं येते. पहिल्या होडीकडून याहून अधिक अपेक्षा करूं नये.