गुडघ्याचे बळ आणि वाया गेलेले दशक

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टार्ट’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि गुडघ्याच्या अस्थिसंधिवातावर, म्हणजे सांध्यातील कूर्चा झिजून हाडे व भोवतालच्या ऊती बाधित होणाऱ्या विकारावर, बळवर्धक व्यायामाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या ते जिव्हारी लागले. ३७७ रुग्णांच्या तीन गटांपैकी एकाने जड वजनांनी, दुसऱ्याने हलक्या वजनांनी अठरा महिने व्यायाम केला आणि तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक मार्गदर्शन मिळाले. वेदना तिन्ही गटांत कमी झाल्या, परंतु जड वजनांचा गट इतरांहून सरस ठरला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. मात्र त्यावरून व्यायामच निरर्थक ठरवणे हे त्याआधीच्या पाव शतकाचा पुरावा पुसून टाकण्यासारखे आहे.

युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मांड्यांचे बळ टप्प्याटप्प्याने वाढत्या वजनांनी परत आणता येते, हे थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्येच मांडले होते. तरीही झिजलेल्या गुडघ्यांना त्यानंतरची पन्नास वर्षे मुख्यतः विश्रांतीचाच सल्ला मिळत राहिला आणि त्या काळाविषयी अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही. १९९७ मध्ये मात्र साठीपुढील ४३९ जणांवरील ‘फास्ट’ चाचणीने बळवर्धक व्यायामामुळे वेदना व असमर्थता माफक प्रमाणात का होईना, पण निश्चित घटते हे दाखवले. त्याच वर्षी चार्ल्स स्लेमेंडा यांच्या अभ्यासातून मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायूची दुर्बलता वेदना नसलेल्या रुग्णांतही आढळली, म्हणजे ती केवळ दुखण्यामुळे हालचाल थांबल्याचा परिणाम नसावी, असे दिसले.

खरा सल राहतो तो २००२ ते २०१३ या काळाचा. २००२ मध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया तपासली, तेव्हा सांधा धुऊन किंवा खरवडून घेतलेले रुग्ण केवळ त्वचेवर छेद घेतलेल्या रुग्णांपेक्षा दोन वर्षांनंतरही बरे नव्हते. २००८ मध्ये कॅनडातील चाचणीने हेच पुन्हा सिद्ध केले, तरी त्या शस्त्रक्रियेचा पाठपुरावा चालूच राहिला. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा एकंदर रुग्णांना बनावट गोळीपेक्षा अधिक उपयोग नाही, हे २००६ मध्ये १,५८३ जणांवरील चाचणीत दिसूनही त्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर टिकून राहिल्या. आणि २०१३ मध्ये साठ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्यांनी नोंदवले की, व्यायामाचा लाभ सिद्ध करण्यास पुरेसा पुरावा २००२ मध्येच जमा झाला होता. ज्या दशकात प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील व्यायामवर्ग गावोगावी उभे राहायला हवे होते, ते दशक अशा रीतीने निघून गेले, आणि याची खंत कोणत्याही आकडेवारीत मावत नाही.

महाराष्ट्रात या काळाचा ठसा वेगळ्या रूपात उमटला. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला आणि ‘वाट्या बदलणे’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, हे स्वागतार्हच होते. परंतु मांडीचे स्नायू सशक्त करणाऱ्या सोप्या, स्वस्त उपायाला तेवढे आश्रयदाते लाभले नाहीत. आजही ‘मांडी घालू नका, जिने चढू नका’ एवढ्यावर सल्ला संपतो आणि रुग्णाला खुर्चीवरून उठण्याचा सराव, वाढते वजन व त्याचे प्रमाण समजावणारा भौतिकोपचारतज्ज्ञ क्वचितच भेटतो.

डेन्मार्कमध्ये २०१५ साली सांधाबदलास पात्र शंभर रुग्णांवर चाचणी झाली. त्यात शस्त्रक्रियेचा लाभ मोठा होता, पण गंभीर दुष्परिणामही अधिक होते. व्यायाम, आहार व शिक्षण यांवर राहिलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना एवढे विचारावे की, देखरेखीखाली बारा आठवड्यांचा बळवर्धक व्यायाम आधी करून पाहता येईल का.