बॅकअपने नेमकी किती जागा खाल्ली? रेस्टिकच्या आकड्यांचे गैरसमज

रेस्टिक हे बॅकअपचे मुक्त स्रोत साधन घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत सर्रास वापरले जाते. ते फाइलचे लहान तुकडे करते, प्रत्येक तुकडा कूटबद्ध करून एकदाच साठवते, आणि तोच तुकडा पुन्हा आढळला तर फक्त त्याची नोंद ठेवते. जागा वाचते ती यामुळे, आणि आकड्यांचा घोळही इथेच सुरू होतो. डिस्क एक सांगते, रेस्टिक दुसरेच, क्लाउडचे बिल तिसरेच. मग 'साधनात बग आहे' असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा तिन्ही आकडे बरोबर असतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात, एवढेच.

गैरसमज १: 'स्टॅट्स' कमांड दाखवते तेवढी जागा डिस्कवर गेली.

वस्तुस्थिती: काहीही न सांगता 'स्टॅट्स' चालवली तर ती 'रिस्टोअर-साइझ' दाखवते, म्हणजे सगळे स्नॅपशॉट (प्रत्येक वेळचे बॅकअप) परत उतरवले तर किती जागा लागेल ते. समजा 10 जीबी फोटोंचा रोज रात्री बॅकअप होतो आणि महिनाभर एकही फोटो बदललेला नाही. 30 स्नॅपशॉट झाले, तर हा आकडा 300 जीबीच्या घरात जाईल. प्रत्यक्षात साठवलेला माल मात्र 10 जीबीच्या आसपासच असेल. तो आकडा हवा असेल तर 'मोड' या पर्यायात 'रॉ-डेटा' द्या. फक्त ताज्या बॅकअपपुरते पाहायचे असेल तर सोबत 'लेटेस्ट' लिहा.

गैरसमज २: जुने स्नॅपशॉट काढले की जागा मोकळी होते.

वस्तुस्थिती: 'फर्गेट' फक्त स्नॅपशॉटची नोंद काढते. हजेरीपटावरून नाव कमी केले, पण मुलगा वर्गात बसलेलाच, असा हा प्रकार. तुकडे खरोखर पुसण्याचे काम 'प्रून' करते. म्हणूनच 'रॉ-डेटा'चा आकडा कमी आणि डिस्कवरचे फोल्डर मोठे, असा फरक दिसला की पहिला प्रश्न हाच: प्रून शेवटचे कधी यशस्वी झाले? रात्री ठरल्या वेळी चालणारे प्रून एखाद्या जुन्या लॉकमुळे रोज अडत असेल, तर ते लॉगमध्येच कळते. दुसरे काही चालू नाही याची खात्री करून 'अनलॉक' चालवावे. आणि प्रूननंतरही सगळी जागा सुटत नाही. सततची फेरमांडणी टाळण्यासाठी रेस्टिक 5 टक्क्यांपर्यंत निरुपयोगी माल राहू देते. बोर्ग हे बॅकअपचे दुसरे साधन वापरणाऱ्यांनाही हाच धडा आहे: 1.2 आवृत्तीपासून जागा सुटण्यासाठी 'कॉम्पॅक्ट' वेगळे चालवावे लागते.

गैरसमज ३: 'शेवटचे 7 ठेवा' म्हटले म्हणजे सातच राहतात.

वस्तुस्थिती: 'फर्गेट' हा नियम प्रत्येक गटाला वेगळा लावते, आणि गट पडतात मशीनचे नाव व बॅकअपचे फोल्डर यांवरून. रेस्टिक डॉकरमध्ये चालत असेल तर खरी मेख इथे असते. नाव ठरवून दिले नाही तर प्रत्येक नव्या कंटेनरला 12 अक्षर-अंकांचे भलतेच नाव मिळते. रोज नवा कंटेनर, म्हणजे रोज नवे मशीन, म्हणजे रोज नवा गट. प्रत्येक गटात एकच स्नॅपशॉट असल्याने तो 'शेवटच्या सातां'त आपोआप बसतो आणि काहीच पुसले जात नाही. 'स्नॅपशॉट्स' कमांड चालवून होस्टचा रकाना पाहा. नावे वेगवेगळी दिसली तर बॅकअप घेताना 'होस्ट' पर्यायाने एकच नाव ठरवून द्या. आधीच्या स्नॅपशॉटसाठी 'ग्रुप-बाय' पर्याय बदलता येतो, पण आधी 'ड्राय-रन' करून काय उडणार आहे ते वाचा.

गैरसमज ४: क्लाउडचे बिल जास्त आले, म्हणजे रेस्टिकचे मोजमाप चुकले.

वस्तुस्थिती: आधी एकक तपासा. डिस्कच्या खोक्यावरचा 1 टीबी म्हणजे दशमान हिशेबाने एक लाख कोटी बाइट. रेस्टिक द्विमान पद्धतीने मोजते, त्यात तेच 931 जीआयबी होतात. यात हरवलेले काही नाही. त्यानंतर बकेटचे (क्लाउडवरच्या साठ्याच्या कप्प्याचे) व्हर्जनिंग पाहा. ते चालू असेल तर रेस्टिकने पुसलेली फाइल जुनी आवृत्ती म्हणून तिथेच राहते आणि तिचे भाडे चालू राहते. अर्धवट राहिलेले मोठे अपलोडही यादीत दिसत नाहीत, पण बिलात येतात. दोन्हींवर उपाय म्हणजे बकेटला लाइफसायकलचा नियम लावणे. शिवाय ॲमेझॉन एस3चा बकेटच्या आकाराचा आकडा दिवसातून एकदाच ताजा होतो. प्रून करून लगेच तो पाहण्यात अर्थ नाही.

गैरसमज ५: कॉम्प्रेशन सुरू केले की जुना साठाही आटतो.

वस्तुस्थिती: रेस्टिकमध्ये कॉम्प्रेशन 2022 मध्ये, 0.14 आवृत्तीत आले, आणि त्यासाठी रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) दुसऱ्या स्वरूपात न्यावी लागते. पण आधीचे तुकडे तसेच राहतात. तेही दाबायचे असतील तर 'प्रून'ला 'रीपॅक-अनकॉम्प्रेस्ड' हा पर्याय द्यावा लागतो. क्लाउडवर त्यासाठी माल खाली उतरवून पुन्हा चढवावा लागतो, तेव्हा खर्चाचा अंदाज आधी घ्या. जेपीईजी फोटो आणि व्हिडिओ मुळातच दाबलेले असतात, त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.

गैरसमज ६: डिस्क गच्च भरली तर 'डेटा' फोल्डरमधल्या जुन्या तारखांच्या फाइली हाताने उडवाव्यात.

वस्तुस्थिती: हे कधीही करू नका. पहिल्या दिवशी साठवलेल्या तुकड्यावर आजचा स्नॅपशॉटही अवलंबून असू शकतो. फाइलची तारीख जुनी, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. जागा अगदी कमी उरली असेल तर 'प्रून'ला 'मॅक्स-रीपॅक-साइझ' शून्य द्या. मग ते फेरमांडणीच्या भानगडीत न पडता पूर्णपणे निरुपयोगी झालेल्या फाइलीच काढते. नव्या सूचीपुरती थोडी जागा तरीही लागते, म्हणून डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नये.

गैरसमज ७: आकडे जुळले म्हणजे बॅकअप सुरक्षित.

वस्तुस्थिती: आकारावरून माल शाबूत आहे की नाही ते कळत नाही. साधे 'चेक' रिपॉझिटरीची रचना तपासते, साठवलेला सगळा मजकूर वाचून पाहत नाही. त्यासाठी 'रीड-डेटा' हवे. साठा मोठा असेल तर 'रीड-डेटा-सबसेट' वापरून दर आठवड्याला थोडा थोडा भाग तपासता येतो.

तेव्हा आकडा खटकला तर तपासाचा क्रम ठरलेला ठेवा: कोणता मोड, प्रून झाले का, होस्टचे नाव एकच आहे का, बकेटचे नियम काय. दोष बहुधा या चारांतच सापडतो. आणि एवढे करून झाल्यावर एखादी महत्त्वाची फाइल खरोखर परत उतरवून, उघडून पाहा. परत मिळत नसेल, तर बॅकअपने किती जागा घेतली या प्रश्नाला अर्थच उरत नाही.